मागचे ओझे आणि पुढची सडक

श्रावणाचे शेवटचे सोमवार सरत आले, की भांडुप पश्चिमेच्या कोकणनगर, टेंभीपाडा आणि गावदेवी या बाजूंच्या चाळींतून व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींच्या वाहनतळांतून एक जुनाच वाद नव्याने ऐकू येऊ लागतो. हा वाद मखराचा किंवा भजनाच्या बारीचा नसून गावी जाण्याच्या वाटेचा असतो: ऐरोलीच्या पुलावरून पनवेल गाठावे आणि पेण, माणगाव, महाड या क्रमाने सरळ खाली उतरावे, की द्रुतगती मार्गाने पुणे, सातारा, कराड, कोल्हापूर असा देशावरून वळसा घालून एखाद्या घाटाने कोकणात शिरावे? पहिल्या पक्षाचे म्हणणे असे, की सरळ वाट ती सरळ वाट. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की सरळ वाट कागदावर सरळ असून उपयोगाची नाही, ती चाकाखाली सरळ असावी लागते.

वरवर हा वाद अंतराचा दिसतो, परंतु वस्तुतः तो सडकेच्या पृष्ठभागाचा आहे. पूर्वी १७ क्रमांकाने ओळखला जाणारा आणि पुढे ६६ या क्रमांकाने सरकारी दप्तरी लागलेला मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्ग हा एकाच जातीचा रस्ता राहिलेला नाही. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या टप्प्याच्या चौपदरीकरणास २०११ मध्ये हात घातला गेला, आणि त्या वर्षी पहिलीत असलेले मूल आज महाविद्यालयात गेले तरी या कामाची चर्चा चाकरमान्यांच्या बैठकीतून गेलेली नाही. काही ठिकाणी गुळगुळीत काँक्रीट, काही ठिकाणी जुने डांबर, आणि मध्येच एखाद्या अपुऱ्या पुलाला बगल देणारे खडी-मुरुमाचे डायव्हर्जन, अशी त्याची रचना झाली. सबब प्रवासी एका रस्त्यावरून जात आहे असे न म्हणता तो तीन-चार रस्त्यांवरून आळीपाळीने जात आहे असेच म्हणणे यथार्थ ठरेल.

हाच प्रश्न पूर्ण आकारात पाहावयाचा असेल तर ऑस्ट्रेलिया खंडाच्या अंतर्भागाकडे वळले पाहिजे, जिथे मोटारीच्या मागे चार चाकांचे किंवा दोन चाकांचे अख्खे घर जोडून हजारो मैल हिंडणाऱ्या माणसांना पक्की सडक की खडीची सडक हा निर्णय रोज सकाळी करावा लागतो. भांडुप-मुलुंडच्या कित्येक घरांतली पुढची पिढी आता मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालेली असल्यामुळे, तिकडे मुलांकडे जाऊन आलेल्या आपल्या आप्तांना ही ओढून नेण्याची घरे अपरिचित नाहीत. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले खरे, परंतु इथे कॅरॅव्हॅन म्हणून जी गाडी दिसते ती बहुधा स्वतःच्या इंजिनावर चालणारी, बसच्या किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेली असते. मागे जोडून ओढावयाचे घर आपल्या घाटांच्या वळणांना आणि आपल्या गर्दीला फारसे मानवलेले नाही.

तिकडील भूगोलच असा आहे की निवडीला वाव राहतो. दक्षिणेकडील पोर्ट ऑगस्टापासून उत्तरेच्या डार्विनपर्यंत खंड उभा चिरत जाणारा स्टुअर्ट महामार्ग १९८७ मध्ये संपूर्णपणे डांबरी झाला; नलारबर पठारावरून पश्चिमेला जाणारा आयर महामार्ग त्याच्याही आधी, १९७६ मध्ये पुरा झाला, आणि त्याचा एक तुकडा तर १४६ किलोमीटरांहून अधिक अंतर एकही वळण न घेता धावतो. पण या दोन-चार मोठ्या सडका सोडल्या की बाकीचे जाळे मातीचे आणि खडीचे. मरीहून बर्ड्सव्हिलला जाणारी वाट ५१७ किलोमीटरांची, ऊडनाडाटाची वाट ६०० किलोमीटरांच्या वर, वायव्येकडील गिब रिव्हर रोड सुमारे ६६० किलोमीटरांचा. यांपैकी काहींचे काही तुकडे डांबरी झाले असले तरी मूळ प्रकृती खडीचीच. बर्ड्सव्हिलच्या याच वाटेवरून १९३० च्या दशकापासून टपालाची मालमोटार नेणारा टॉम क्रूझ नावाचा मनुष्य ‘द बॅक ऑफ बियाँड’ या १९५४ च्या माहितीपटाने साऱ्या देशाला ठाऊक झाला. वाळूत रुतलेले चाक लोखंडी पत्रे घालून बाहेर काढणे हा त्याच्या नित्यकर्माचाच भाग होता, असे त्या पटात दिसते.

डांबरी आणि खडीची सडक यांतील भेद बहुतेकांना दर्जाचा वाटतो. एक उत्तम आणि दुसरी कनिष्ठ, एक प्रगत आणि दुसरी मागासलेली. या समजुतीला इतिहासाचा आधार थोडा आणि सरकारी भाषेचा आधार जास्त आहे. स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जो सिद्धान्त व्यवहारात आणला तो इतकाच, की खालची जमीन कोरडी राहिली तर ती कितीही भार सहन करते, आणि ती कोरडी ठेवण्यासाठी लहान, कोनदार खडीचा थर एकमेकांत घट्ट बसवून, मध्यभागी किंचित उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवला पाहिजे. आपल्याकडे त्याच पद्धतीने खडी अंथरायची, वर मुरूम पसरायचा, पाणी मारायचे आणि रोलर फिरवायचा, हे काम दुष्काळी कामांवर गेलेल्या पिढ्यांनी हातांनी केलेले आहे. डांबर हे या खडीच्या अंगावर घातलेले छप्पर आहे, एवढेच लक्षात घेतले की पुढचा सारा विषय सोपा होतो: भार पेलण्याचे काम खालची खडी करते, डांबर पाणी अडवते, आणि छप्पर गळू लागले की भिंती ढासळायला वेळ लागत नाही.

भारतात रस्त्यांविषयीचा पहिला व्यवस्थित विचार ज्या समितीने केला तिचे अध्यक्षपद मुकुंदराव जयकर यांच्याकडे होते, हे मराठी वाचकाने विसरू नये. १९२७ मध्ये नेमलेल्या या समितीने दुसऱ्या वर्षी अहवाल दिला. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवर जादा कर बसून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी निर्माण झाला. पुढे १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग अशी जी प्रतवारी लावून दिली, तीच थोड्याफार फरकाने आजही दप्तरात चालू आहे. या प्रतवारीचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की प्रवासी सडकेच्या प्रतीवरून तिच्या पृष्ठभागाचा अंदाज बांधू लागला. राष्ट्रीय महामार्ग म्हणजे चांगला आणि जिल्हा मार्ग म्हणजे वाईट हे समीकरण कोकणच्या वाटेवर कितीदा खोटे ठरते, ते आंबा घाट उतरून साखरप्याकडे गेलेल्या कोणालाही विचारावे.

आता खड्ड्याकडे पाहू. कारण दोन्ही जातींच्या सडकांवर खड्डा पडतो, परंतु तो एकाच जातीचा नसतो. डांबराला बारीक चीर गेली की पावसाचे पाणी आत उतरते, वाहनाच्या चाकाखाली ते दाबले जाऊन खडीमधली बारीक माती वर उपसून काढते, खडी सुटी होते आणि वरचे कवच एके दिवशी तुकड्यातुकड्याने खचते. अशा खड्ड्याची कड तीक्ष्ण व उभी असते. त्यात ताशी साठच्या वेगाने चाक गेले की टायरची बाजूची भिंत खड्ड्याची कड आणि रिमची कड या दोहोंमध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात, आणि दोन-चार दिवसांनी त्या जागी फुगा येतो. भाद्रपद संपता संपता लाल बहादूर शास्त्री मार्गावरच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या पिढीच्या जुन्या आग्रा रोडवरच्या, एखाद्या टायरच्या दुकानापुढे थोडा वेळ उभे राहिले तर गावाहून परतलेल्या गाड्यांची चाके उलटी करून ठेवलेली दिसतात आणि दुकानदार बोटाने आतल्या बाजूचा फुगा दाखवीत असतो. बाहेरून टायर अगदी नवा दिसतो, आणि मालकाला ते पटवून घेणे जड जाते. इटलीतल्या ट्युरिन शहरात जन्मलेली आणि १९५८ मध्ये भारतात उभी राहिलेली सीएट ही टायरची कंपनी. तिचा कारखाना याच भांडुपच्या नाहूरकडील बाजूस, त्यामुळे इथल्या कित्येक घरांतून टायरच्या अंतरंगाविषयी, त्यातल्या धाग्यांविषयी आणि थरांविषयी, इतर उपनगरांपेक्षा थोडे अधिक बोलले गेले आहे.

मुरुमाच्या सडकेवरचा खड्डा याच्या उलट बशीसारखा उथळ आणि गोल कडांचा असतो. त्यात चाक उतरते व चढते. म्हणून कोरड्या ऋतूत नीट राखलेली मुरुमाची सडक ही फुटलेल्या डांबरापेक्षा पुष्कळ सुसह्य असते, आणि हे विधान ऑस्ट्रेलियातल्या लाल वाटेला जितके लागू आहे तितकेच सावंतवाडी तालुक्यातल्या जांभ्याच्या रस्त्यालाही लागू आहे.

परंतु खडीच्या सडकेचा स्वतःचा असा एक रोग आहे, आणि ओझे ओढणाऱ्याने त्यालाच सर्वांत जास्त भ्यावे. सुट्या, कोरड्या पृष्ठभागावरून वाहने सतत जाऊ लागली की रस्त्यावर आडव्या लाटा उठतात: दोन लाटांमधले अंतर अर्ध्या-पाऊण मीटरचे, उंची काही सेंटिमीटरांची, आणि रांग मैलोगणती. या लाटा का उठतात याचा शोध कीथ मॅथर या शास्त्रज्ञाने एका फिरत्या दांड्याला चाक जोडून व ते वाळूच्या वर्तुळावरून फिरवून घेतला आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. २००७ मध्ये केंब्रिज, टोरांटो व लियाँ येथील संशोधकांनी त्याच धर्तीचे प्रयोग अधिक काटेकोरपणे करून दाखवले. निष्कर्ष मोठा विलक्षण आहे. वेग एका मर्यादेच्या खाली असला तर सपाट वाळू सपाटच राहते. मर्यादा ओलांडली की अगदी साध्या, स्प्रिंग नसलेल्या चाकाखालीही लाटा उठतात, आणि ती मर्यादा इतकी खाली आहे की व्यवहारात कोणीही मोटारवाला त्या वेगाने जाणार नाही. ग्रेडर फिरवून लाटा सपाट केल्या तरी काही दिवसांत त्या पुन्हा उठतात, त्या याच कारणाने.

या लाटांचा हिशेब मांडला तर मन थोडे दचकते. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, लाटा ६० सेंटिमीटरांच्या अंतराने असतील तर चाकाला सेकंदाला जवळजवळ २८ धक्के, आणि तासाभराच्या प्रवासात लाखभर. अनुभवी चालक यावर एक युक्ती करतात: वेग आणखी वाढवला की चाके लाटांच्या माथ्यांना टेकून पुढे जातात आणि पुढच्या आसनावर बसलेल्याला रस्ता एकाएकी गुळगुळीत झाल्यासारखे वाटते. परंतु याच अवस्थेत चाकांची जमिनीवरची पकड घटलेली असते, ब्रेक लांबतो, वळण निसटते. आणि मागे जोडलेल्या घराला त्या युक्तीचा फायदा मुळीच मिळत नाही.

माझ्या मते साऱ्या विषयाचे मर्म इथेच आहे. गाडी चालवणारा मनुष्य वाहनातल्या सर्वांत सुखाच्या जागी, दोन्ही आसांच्या मध्ये, गादीवर आणि स्प्रिंगांवर बसलेला असतो. रस्त्याची पारख तो स्वतःच्या पाठीने करतो, आणि त्याची पाठ त्याला सत्य सांगत नाही. मागे ओढलेल्या घरात कोणीच बसलेले नसते. त्याच्या स्प्रिंगा कडक, त्याचा आस मध्याच्या आसपास, त्याचे कपाट-खिडक्या-नळ-गॅसची जोडणी हे सर्व लाकडाच्या व पत्र्याच्या हलक्या सांगाड्याला स्क्रूंनी अडकवलेले. लाख धक्क्यांनंतर त्यातला एकेक स्क्रू स्वतःहून फिरू लागतो. संध्याकाळी मुक्कामाला थांबून दार उघडावे तो आतल्या भांड्यांचा ढीग जमिनीवर, पाण्याच्या टाकीची नळी सुटलेली आणि प्रत्येक फटीत तांबडी धूळ. धूळ आत शिरण्याचे कारणही समजून घेण्याजोगे आहे: धावत्या वाहनाच्या मागच्या अंगाला हवेचा दाब कमी होतो आणि तो बारीक फटींतून धूळ आत ओढतो, म्हणून तिकडचे लोक छपराच्या पुढच्या बाजूला एक झडप उघडी ठेवतात, तिच्यातून हवा आत भरून आतला दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त राहतो. पुढच्या मोटारीच्या मागच्या चाकांनी उडवलेली खडी घराच्या दर्शनी भागावर आपटते, तिथून उलटी येऊन मोटारीचीच मागची काच फोडते, हा तर तिथला इतका परिचित अनुभव की त्यासाठी मध्ये जाळी किंवा जाड पडदा बसवण्याची चाल पडली आहे.

आपल्या कोकणच्या गाडीत घर जोडलेले नसते हे खरे; पण मागे काय असते ते पाहावे. तांदूळ-डाळीची पोती, शेगडी, गावच्या घरासाठी घेतलेला मिक्सर, मखराच्या कमानी, भजनी मंडळाची पेटी आणि पखवाज, आणि पुष्कळदा शाडूची मूर्ती. पेटीच्या सुराच्या पट्ट्यांत धुळीचा एक कण अडकला की तो सूर बोलत नाही किंवा बोलता बोलता थांबत नाही, आणि पहिल्या रात्रीच्या आरतीला ते सगळ्या वाडीला कळते. शाडूची मूर्ती धक्क्याने फुटण्याआधी सांध्यात चिरते. आशीर्वाद देणारा हात जिथे खांद्याला जोडलेला असतो तिथे आधी केसाएवढी रेघ दिसते. टेंभीपाड्यात एका टेम्पोत मूर्ती भरताना मालवणकडचे एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचा पुतण्या यांचा संवाद कानी पडला, तो शब्दशः देतो. पुतण्या म्हणाला, “काका, गाडी नवी आसा, खंयसूनय जायत.” काकांनी मूर्तीखालचा पेंढा हाताने दाबून पाहिला आणि म्हणाले, “गाडयेचा माका सांगू नको. मागे काय भरलंस ता सांग.” ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या मुरलेल्या प्रवाशाने याहून निराळे काही सांगितले नसते.

ओढण्याच्या शास्त्रातल्या दोन-तीन गोष्टी इथे नमूद करणे अवश्य आहे. मागच्या घराच्या एकूण भारापैकी साधारण एक-दशांश भार जोडणीच्या गोळ्यावर उतरावा, असा तिकडचा सर्वमान्य ठोकताळा आहे. जड वस्तू मागच्या टोकाला रचल्या तर तो भार घटतो आणि घर वेग घेताच डावी-उजवीकडे झोके घेऊ लागते. ते झोके एकदा वाढले की मोटारीला आपल्यामागे ओढत रस्त्याबाहेर नेतात. तिथल्या नियमाप्रमाणे ७५० किलोंवरच्या ओढवाहनाला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, आणि दोन टनांच्या वर गेले की जोडणी तुटताच आपोआप लागणारे ब्रेकही. आपल्याकडे हे सारे शिकवण्याची गरज पश्चिम महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला नाही. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावून उतारावरून ट्रॅक्टर आणणाऱ्याला मागचे ओझे पुढच्याला कसे ढकलते ते अंगाने ठाऊक असते. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा मालमोटारवाल्यांचा जुना नियम त्याच ज्ञानाचा.

मग निवड करावी कशी? ऑस्ट्रेलियात याचे उत्तर बहुशः तीन बाबींवर ठरते. पहिली, मागचे घर कोणत्या जातीचे: डांबरी रस्त्यासाठी बांधलेले, की जाड सांगाड्याचे व उंच आसाचे. भाड्याने घेतलेल्या घराच्या करारात तर खडीच्या सडकेवर नेण्याची मनाईच बहुधा लिहिलेली असते, आणि ती न वाचता गेलेल्याला विम्याच्या वेळी ती वाचावी लागते. दुसरी बाब पाऊस, आणि तिसरी माती; या दोन खरे तर एकच. क्वीन्सलंडच्या अंतर्भागातली काळी चिकण माती ही आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळीची बहीण शोभते. कोरडी असताना ती दगडासारखी, आणि दोन सरी पडताच चाकाला थरावर थर चिकटून चिखलपट्टीखाली इतकी गच्च भरते की चाक फिरेनासे होते. अशा वेळी तिथले प्रशासन वाट बंद झाल्याचा फलक लावते आणि तो मोडून जाणाऱ्यास जबर दंड करते. कारण ओल्या वाटेवर एका वाहनाने पाडलेली खोल चाकोरी वाळून पुढे महिनोन्‌महिने सर्वांना भोवते. गिब रिव्हर रोड तर पावसाळ्याचे काही महिने नियमाने बंदच असतो. हा मातीचा भेद पाहण्यासाठी भांडुपकराला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. पूर्व द्रुतगती महामार्गावरून मिठागरांच्या बाजूला उतरून पंपिंग स्टेशनमागे ठाणे खाडीकडे जाणाऱ्या, पक्षी पाहणाऱ्यांच्या परिचयाच्या कच्च्या वाटेवर एकदा फेब्रुवारीत आणि एकदा जुलैत जावे. खाडीच्या गाळाची माती उन्हात टणक होते आणि पावसात पाऊल धरून ठेवते. कोकणातला जांभ्याचा मुरूम मात्र पाणी खाली झिरपू देतो आणि पाऊस उघडल्यावर लवकर वाहतुकीस योग्य होतो.

कोकणच्या वाटेचा निर्णय यावरून ठरवू लागले की तालुक्यागणिक उत्तर बदलते, आणि सरसकट सल्ला देणाऱ्यांचा मला कंटाळा येतो तो यासाठीच. महाड, पोलादपूर, खेड इकडे जाणाऱ्यास देशावरचा वळसा व्यर्थ. कशेडीला आता बोगदा झाल्याने त्या भागातली जुनी मोठी धास्तीही कमी झाली आहे. चिपळूण-गुहागरकडे जाणाऱ्याला कराडहून पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाने उतरता येते. संगमेश्वर, लांजा, रत्नागिरीसाठी कोल्हापूर-मलकापूर आणि आंबा घाट, राजापूरच्या वरच्या अंगासाठी अणुस्कुरा, कणकवलीसाठी राधानगरीवरून फोंडा, वैभववाडीसाठी गगनबावड्याहून करूळ, आणि सावंतवाडी-वेंगुर्ल्यासाठी आजऱ्यावरून आंबोली. यांतही दरवर्षी चौकशी करावी लागते: करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत काँक्रीटीकरणासाठी बंद करण्यात आला आणि त्या वर्षी जुन्या सवयीने तिकडे वळलेल्यांना परत फिरावे लागले, साताऱ्यापासून कागलपर्यंतच्या महामार्गाचे सहापदरीकरण निघाल्यापासून वळसाही पूर्वीइतका निर्वेध राहिलेला नाही. गणेशोत्सवात शासन पथकरमाफीचे पास देते, गोवा महामार्गावर अवजड वाहनांस बंदीचा हुकूम काढते. या बंदोबस्ताने गर्दी आटोक्यात येते, खडी बसत नाही.

त्यातही सर्वांत घातक जागा मला पूर्ण कच्च्या रस्त्याची वाटत नाही, तर सांध्याची वाटते. अखंड खराब रस्त्यावर मनुष्य सावध असतो, वेग बेताचा ठेवतो, मधूनमधून थांबून दोर आवळतो. पण पंधरा किलोमीटर काँक्रीटवरून ताशी ऐंशीने आल्यावर, रात्री, पावसात, समोरच्या प्रखर दिव्यांत, काँक्रीट एकाएकी संपून वीतभर खाली खडीचे डायव्हर्जन सुरू होते, तिथे पुढच्या चाकांनी उडी घेतल्याचे चालकाला कळते तोवर मागचे ओझे आपटून मोकळे झालेले असते. ऑस्ट्रेलियात डांबर संपण्यापूर्वी तसा फलक असतो आणि तिथले प्रवासी तो दिसताच वेग निम्मा करतात. पुष्कळजण थांबून टायरमधली हवाही थोडी कमी करतात, म्हणजे टायर धक्का पोटात घेतो, आणि पुन्हा डांबर लागताच ती भरून घेतात, कारण कमी हवेचा टायर वेगाने तापतो. आपल्या डायव्हर्जनच्या फलकावर दिव्याऐवजी पुष्कळदा चुना लावलेला पिंप असतो, आणि तोही मागच्या पावसाने आडवा झालेला.

पाण्याखाली गेलेल्या रस्त्याविषयी मात्र कोणत्याही जातीची सडक असली तरी उत्तर एकच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल वाहून गेला, त्यात दोन एसटी गाड्या व अन्य वाहने माणसांसकट गेली. तो पूल महामार्गावरचा होता, पक्क्या सडकेचा होता, आणि अंधारात समोरून तो नाहीसा झाल्याचे कळण्यास चालकांना काही साधन नव्हते. नवा पूल पुढच्याच वर्षी उभा राहिला. परंतु त्या रात्रीनंतर कोकणात जाणाऱ्या अनेक कुटुंबांनी मुसळधार पावसात रात्रीचा प्रवास सोडून पहाटे निघण्याचा प्रघात पाडला, आणि पृष्ठभाग कोणताही असो, तो उजेडात दिसला पाहिजे, या दृष्टीने तो योग्यच आहे.

हे सर्व भाद्रपदाचे झाले. शिमग्याला हाच हिशेब बव्हंशी उलटतो: पाऊस नसतो, डायव्हर्जनची खडी रोलरने आणि रहदारीने दबून बसलेली असते, वाडीपर्यंतचा मुरुमाचा रस्ता गाडी थेट पाखाडीच्या तोंडाशी नेतो, आणि देशावरच्या वळशात मात्र गगनबावडा-राधानगरीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे ताशी वीसच्या वेगाने मैलच्या मैल रांगेत चालावे लागते. पालखी नाचवायला वेळेत पोहोचायचे असेल आणि मागे फक्त कपड्यांच्या पिशव्या असतील, तर तेव्हा ऐरोलीच्या पुलावरून सरळ पनवेलकडेच निघावे.